मागचं चाक

सायकली अकरा होत्या. घंटा नऊ, पंप चार, दिवे दोन, त्यातल्या एकाची काच फुटलेली. दोन्ही ब्रेक लागणाऱ्या सायकली तीन, एकच ब्रेक लागणाऱ्या पाच, आणि उरलेल्या तिन्हींची सगळी मदार पायातल्या जोड्यावर. मडगार्डं वीस भरली. मी पुन्हा मोजली, पुन्हा वीसच. अकरा सायकलींना बावीस हवीत. म्हणजे एक सायकल उघड्या चाकांची होती, आणि ती कुणाची हे पाहायला मी मान वळवली तर धुळाजी माझ्या शेजारीच उभा होता. तीन मोडक्या सायकलींचे भाग जोडून केलेली त्याची काळी सायकल त्यानं कमरेला टेकवली होती. नजर माझ्या मुठीतल्या घड्याळावर होती. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "मास्तर, ह्ये घड्याळ कंदी खोटं बोलतं का?"

मी "नाही" म्हणालो. लगेच म्हणालो, जिना संपला आहे हे न कळून आणखी एका पायरीसाठी पाय टाकावा तसं. त्यानं मान हलवली. त्याचं समाधान झालं होतं. माझं त्या सकाळी पुढं वीस मैल झालं नाही.

ते घड्याळ प्रयोगशाळेत वापरतात त्या जातीचं. कडेला एक बारीक खीळ असते. ती वर ढकलली की काटा चालू लागतो, खाली ओढली की आहे तिथं थांबतो, पुन्हा वर ढकलली की तिथूनच पुढं. डोक्यावरची टोपी दाबली तर मात्र सगळे काटे शून्यावर जातात आणि झालेला वेळ कायमचा नाहीसा होतो. आतल्या छोट्या चकतीवर साठ मिनिटं, तास आपण लक्षात ठेवायचा. बीड शहरात असं घड्याळ हे एकच; मी चौकशी केली आहे. पाठीवर उर्दू अक्षरांत माझं नाव आहे, रामहरी, आणि खाली 'उत्तम प्रयोगाबद्दल' अशा अर्थाचे दोन शब्द. हैदराबादेत बी.एस्सी. झालो तेव्हा मिळालं. इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आल्यापासून मी ते रोज पुसतो, पण पाठीची बाजू वर येऊ देत नाही.

शर्यत गावातल्या हौशी मंडळींची. यंदा तिचं दुसरं वर्ष. बीडच्या नाक्यावरून निघायचं, घाट चढून मांजरसुंब्याच्या फाट्यावर वडाला वळसा घालायचा आणि परत यायचं. दहा मैल जायला, दहा यायला. पहिल्याला चांदीचा पेला. पेल्यासाठी नऊ जण होते, त्यांत नवी कोरी सायकल घेऊन आलेले सुंदरराव आणि प्रत्येकाची टिंगल करणारा, पण पायात खरंच जोर असणारा सटवा. मी पेल्यासाठी नव्हतो आणि धुळाजीही नव्हता. त्याचं वेगळं होतं. टपालखात्याचे वरिष्ठ अधिकारी, मुहतमीम साहेब, यांना मांजरसुंब्याच्या मोटारीला टपालाची पिशवी पोचवून तिथली पिशवी घेऊन येणारा सायकलवाला हवा होता. जागा एक. तिथं आजवर पायी हरकारा जाई आणि त्याचा अख्खा दिवस मोडे. साहेबांनी शर्यतीचा दिवस पाहून ठरवलं, की धुळाजीची परीक्षा याच दिवशी, याच रस्त्यावर. "पौने दो घंटे, मास्टरसाब," ते मला म्हणाले होते, "एक सेकंद ऊपर हुआ तो नक्को." गेल्या वर्षी दोघे जण पालीवरूनच परतले होते आणि पिंढऱ्यांना चिखल फासून मांजरसुंब्याच्या गोष्टी सांगत होते, म्हणून घड्याळ नाक्यावरच्या रेघेवर न ठेवता रस्त्यावर न्यायचं ठरलं. मी धुळाजीच्या मागं राहायचं. साक्षीदार मी, वेळ माझी, आणि कागदावर आकडा लिहिणार मी. मी मागं पडलो तर त्याची वेळ मोजायला जगात कुणी नव्हतं.

धुळाजीचं वय पस्तीसच्या आसपास. त्याला स्वतःला नक्की माहीत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंढरांवर देवी आल्या आणि एका पंधरवड्यात कळप गेला. अकरा मेंढरं उरली, ती भावाच्या कळपात मिसळली. तेव्हापासून तो शहरात सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो आणि ट्यूब भरतो. सायकल तिथंच शिकला, दुकान बंद झाल्यावर, गिऱ्हाइकांच्या दुरुस्त झालेल्या सायकलींवर. ही जागा मिळाली नाही तर संक्रांतीनंतर त्याला दुसऱ्याच्या मेंढरांमागं गोदाकाठच्या गंगाथडीला जायचं होतं. आठ महिने, रोजानं, स्वतःची काठी घेऊन पण स्वतःचं एकही जनावर नसताना. हे मला त्याच्या बायकोनं, मनकर्णेनं सांगितलं. तो या विषयावर बोलत नसे. तो फक्त एकदा म्हणाला होता, "दुसऱ्याची मेंढरं वळखू येत न्हाईत मास्तर. नावं न्हाईत त्यास्नी."

"मडगार्डं काहून काढलीस?" मी विचारलं.

"आभाळ बगा की. चिखल मडगार्डात बसला की चाक जाम. मेंढराच्या खुरात बसतो तसाच."

मी त्याला समजावून सांगितलं, की शाळेतल्या वायुभारमापकाचा पारा कालपासून तसूभर हललेला नाही, तेव्हा पाऊस येणार नाही. निजामाच्या सरकारी कागदांवर इस्फंदार महिना होता, १३४५ फसली. आमच्या घरच्या पंचांगात पौष. पौषात कसला पाऊस?

"तुमचा पारा घरात ऱ्हातो मास्तर," धुळाजी म्हणाला. सटवा मोठ्यानं हसला. "बे धुळ्या, मेंढरं गेली तरी येडेपना न्हाई गेला तुजा! उघड्या चाकानं पाठीवर रांगोळी निघंल की बे!"

दोन पांढऱ्या दगडांच्या मधे चुन्याची रेघ मारली होती. आठ वाजता साहेबांनी रुमाल खाली केला आणि मी खीळ वर ढकलली.

पहिले दोन मैल मी आयुष्यात विसरणार नाही, आणि तेव्हा तर ते कोरडे होते. सडकेचं काम निघालेलं. नवी खडी अंथरलेली, वर रूळ फिरायचा राहिलेला. मुठीएवढे फोडलेले दगड, त्यांच्या कडा ताज्या. चाक एका दगडावरून घसरून दुसऱ्यावर जातं, हँडल हातातून निसटू पाहतं, दात एकमेकांवर आपटतात आणि वेग मोजायला काही उरतच नाही. सुंदरराव नव्या सायकलीची काळजी करत कडेकडेनं गेले तरी पुढं निघाले, सटवा त्यांच्या मागोमाग. मी हँडल जितकं घट्ट धरी तितकं चाक जास्त भरकटे. समोर धुळाजी चालला होता. त्याचे हात पाहून मी आधी बुचकळ्यात पडलो आणि मग मला ते उमगलं: त्यानं हँडल धरलंच नव्हतं. तळवे नुसते टेकवले होते. पिसाळलेल्या कोकराला धरताना जसं त्याला धडपडू देतात, फक्त निसटू देत नाहीत, तसं तो चाकाला खडीत धडपडू देत होता. बूड सीटवरून दोन बोटं वर. गुडघे सैल. मी हात सैल केले तेव्हा माझी सायकलही सरळ जाऊ लागली. कॉलेजात तीन वर्षं मी बलांचे समांतरभुज चौकोन काढले होते. दुसऱ्या मैलाच्या दगडापाशी घड्याळ पाहिलं: अकरा मिनिटं दहा सेकंद.

खडी संपली आणि जुनी मुरमाची सडक लागली. मी पायडलचे फेरे मोजू लागलो, ही माझी सवयच आहे. माझ्या चाकाचा परीघ, दात्यांचं प्रमाण, त्यावरून मैलाला तीनशे सदतीस फेरे. मोजताना मन मोकळं राहतं असं मला पूर्वी वाटे. खरं म्हणजे मन मोजण्याच्या आडोशाला जाऊन बसतं. खजिना विहिरीच्या पुढं गार वारा सुटला. पाली मागं पडली तेव्हा पहिला थेंब माझ्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला पडला, मोठा आणि इतका गार की भाजल्यासारखा वाटला. धुळाजीनं मागं वळून पाहिलं नाही. मी मात्र शाळेतला पारा आठवून एकटाच शरमलो.

घाटाच्या पायथ्याशी पाऊस नीट लागला. पावसाळ्यातला नव्हे, तिरका, बारीक, हाडात शिरणारा. मुरूम भिजला की आधी तांबडा होतो, मग त्याची पेज होते. ती पेज माझ्या मडगार्डात भरू लागली. चाक घासल्याचा आवाज येई, दर शंभर कदमांवर मी पाय टेकून तो गाळ काढी आणि पुन्हा धुळाजीला गाठायला छाती फुटेस्तोवर पायडल मारी. त्याची उघडी चाकं चिखल वर फेकत होती आणि त्याच्या पाठीवर खरंच रांगोळी निघाली होती. चढावर तो उभा राहून सायकल चालवत नव्हता, बसूनच, एका संथ लयीत, जणू पुढं काही तरी हळू चालणारं आहे आणि त्याच्या पावलाबरोबर आपलं पाऊल ठेवायचं आहे. माझे श्वास दोन फेऱ्यांना एक होते. त्याचे मला मोजता येईनात, कारण तो धापत नव्हता. दमलेल्या माणसाच्या डोक्यात नको ती खोली उघडते. माझ्या डोक्यात प्रयोगशाळेची उघडली. लांब टेबल, खिडकीतला लिंब, दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा. आमच्या पुस्तकात त्याला रक्कास म्हणत, घरी येऊन वडिलांना सांगितलं तेव्हा मी लंबक म्हणालो, आणि अर्जुनराव, माझे वडील, ज्यांनी तीस एकर कोरडवाहू जमिनीपलीकडं काही मोजलं नव्हतं, ते म्हणाले, "हलतंय ना एकसारखं? मग बरोबर हाय." लंबकाच्या हेलकाव्यांवरून पृथ्वीच्या ओढीचा आकडा काढायचा होता. पुस्तकातला आकडा नऊशे अठ्ठ्याहत्तर. माझा आला नऊशे पासष्ट. मी तो तीनदा काढला, तीनदा पासष्टच आला. संध्याकाळ होत होती. उद्या वही द्यायची होती. मी हेलकाव्यांच्या वेळेत जराशी, फार नाही, सेकंदाच्या दशांशात, दुरुस्ती केली आणि नऊशे सत्याहत्तर लिहिलं. अठ्ठ्याहत्तर लिहिलं नाही, कारण अगदी बरोबर उत्तर खोटं वाटलं असतं. एवढी अक्कल मला होती. परीक्षकांनी वही उचलून इतरांना दाखवली. त्या वहीबद्दल हे घड्याळ.

माझी चूक कशात होती हे मला बक्षीस मिळाल्यावर आठ महिन्यांनी कळलं. मी दोऱ्याची लांबी गोळ्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजली होती; ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. बस, एवढंच. नऊशे पासष्ट हा आकडा प्रामाणिक होता. तो मला सांगत होता, की तू जिथं थांबलास तिथं शेवट नाही. तो आकडा मी ठेवला असता तर त्यानंच मला चुकीपाशी नेलं असतं.

मांजरसुंब्याच्या वडाला वळसा घातला तेव्हा चौपन्न मिनिटं झाली होती. सुंदरराव आणि सटवा तीनएक मिनिटं पुढं. बाकीचे मागं, काही घाटातच झाडाखाली बसलेले. चहाच्या पालातून कुणीतरी ओरडलं, "या की मास्तर, च्या घ्या!" धुळाजीनं तोंड वर करून पाऊस प्याला आणि सायकल उताराला लावली. मी हिशेब केला. एक्कावन्न मिनिटं हातात, दहा मैल, त्यांतले दोन खडीचे. होणार होतं. सरळ होणार होतं. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं म्हणालो, "धुळाजी, जमलं!"

"अजून घर यायचंय," तो म्हणाला.

आठव्या मैलाच्या दगडाजवळ, एका वळणावर, सगळी सडक मेंढरांनी भरली होती. भरली होती म्हणण्यापेक्षा सांडली होती. अर्धी डोंगराच्या अंगाला चढलेली, काही खालच्या बाजूला दगडांत उतरलेली, मधे रस्त्यावर कोकरं केविलवाण्या आवाजात ओरडत गोल फिरत होती. घोंगडं पांघरलेला एक म्हातारा काठी वर करून शिव्या देत होता. आम्हांला पाहून त्याला आणखी जोर आला. "या! तुमीबी या! फोडा कळप! त्या दोगांनी घंट्या वाजवीत मधूनच घातल्या सायकली, माया एकीकडं, पिल्लं एकीकडं!"

वाट निघण्यासारखी होती. हे मी लिहून ठेवलं पाहिजे. उजव्या अंगानं हातभर सडक मोकळी होती, आणि मधली कोकरं घंटा वाजवली असती तर सरकली असती. मी घंटेवर बोट ठेवलं. तेवढ्यात धुळाजी उतरला होता. त्यानं सायकल कडेला, चाकं दरीकडं करून निजवली आणि दोन्ही हात अंगाशी धरून, हळू, कळपाच्या बाहेरून चालू लागला.

"धुळाजी! वेळ जातोय!"

"फुटलेल्या कळपातून जात न्हाईत मास्तर," तो मागं न पाहता म्हणाला. "शेवटलं शेपूट जाऊ द्यावं लागतं."

मग त्यानं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. तो मला अक्षरांत लिहिता येत नाही. बारीक, चिकट, पुन्हा पुन्हा तोच. वरच्या मेंढरांनी माना वळवल्या. म्हाताऱ्यानं शिव्या थांबवल्या आणि खालच्या बाजूला जाऊन तोच आवाज सुरू केला. दोघं एकमेकांना ओळखत नव्हते. दोघांच्या आवाजाच्या मधे, पाणी उतारावर जमतं तसा कळप जमू लागला. पाऊस पडत होता, ओल्या लोकरीचा उग्र वास सुटला होता, आणि मी घड्याळ हातात घेऊन उभा होतो. मी पाहत होतो, की या माणसाचे हात जे खडीवर करत होते तेच इथं करत आहेत. ओढत नाहीत. ढकलत नाहीत. कोकरू आईला सापडेपर्यंत वाट देतात. एक मिनिट झालं. दीड झालं. माझा अंगठा खिळीवर गेला.

तो आपोआप गेला. मी त्याला पाहिलं, दुसऱ्याच्या अंगठ्याकडं पाहावं तसं. कारण तयार होतं, आणि चांगलं होतं: परीक्षा सायकलीची आहे, मेंढरांची नाही, कळप दुसऱ्यांनी फोडला, हा वेळ शर्यतीचा धरणं अन्याय आहे. खीळ खाली, कळप गेला की खीळ वर. कुणाला कळणार? हेच बोट. हीच जागा. खिडकीतला लिंब.

"ते बंद नगा करू."

धुळाजी माझ्यापासून दहा पावलांवर एक लंगडं कोकरू काखेत घेऊन उभा होता.

"बंद केलेलं नाही," मी म्हणालो. ते खरं होतं. "पण करायला हवं. हा वेळ तुझा नाही."

"कावून न्हाई? टपालाच्या दिशी मेंढरं आडवी आली तर मोटार माज्यासाठी थांबनार हाय व्हय?" त्यानं कोकरू म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "चालू ऱ्हाऊ द्या. चालतंय ते."

मी अंगठा काढून घेतला. मेंढरं एका रांगेनं आमच्या अंगावरून गेली. मी मोजली, दोनशे बारा. शेवटची एक म्हातारी मेंढी पाय ओढत आली. धुळाजी तिच्यासाठीही थांबला. तिचं शेपूट आमच्या मागं गेलं तेव्हा त्यानं सायकल उचलली. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"कुठला रं तू?" म्हाताऱ्यानं मागून ओरडून विचारलं.

"टपालाचा!" धुळाजी ओरडला. त्या दिवसात तो तेवढाच एकदा हसला.

पुढचे सहा मैल असे गेले: माझं पुढचं मडगार्ड मी उपटून फेकून दिलं. पाठीवर, मानेत, केसांत चिखल. बोटं इतकी बधिर, की ब्रेक दाबला आहे की नाही हे पाहून ठरवावं लागे. तरीही मला ते मैल लांबावेत असं वाटत होतं. समोरची पाठ एका लयीत हलत होती. मी फेरे मोजायचं कधी थांबलो ते मला आठवत नाही. मोजदादीत नसलेला असा माझ्या शिक्षणानंतरचा तो पहिला अर्धा तास असावा. मग खडी आली. पावसानं तिच्या खालची माती पातळ झाली होती आणि दगड आता पोहत होते. मी हात सैल ठेवले, गुडघे सैल ठेवले, आणि तरीही मजुरांनी कडेला रचलेल्या ढिगाच्या पायाशी पुढचं चाक आडवं फिरलं. आधी खडीचा आवाज ऐकू आला, दुखणं नंतर आलं. उठलो तेव्हा दोन्ही तळव्यांतून रक्त येत होतं आणि चाकाची रिंग वाकून चिमट्यात अडकली होती.

धुळाजी वीस कदम पुढं गेला होता. तो परत आला.

"जा!" मी ओरडलो. "परत कशाला आलात? जा!" त्याला तू म्हणणारा मी अहोजाहोवर आलो होतो.

"घड्याळ तुमच्यापाशी हाय."

ते खरं होतं. मी ते काढलं. काच शाबूत होती. एक तास चौतीस मिनिटं वीस सेकंद. दोन मैल राहिले होते आणि दहा मिनिटं चाळीस सेकंद. हेच दोन मैल जाताना, किंचित चढाचे असले तरी ताज्या पायांनी, कोरड्या खडीवर अकरा मिनिटं दहा सेकंदांत झाले होते. मी हे त्याला सांगितलं नाही. मी घड्याळ त्याच्या हातात ठेवलं.

"मला वाचता येत न्हाई."

"वाचायचं नाही. रेघ ओलांडली की ही खीळ खाली ओढायची. एवढंच. या वरच्या टोपीला बोट लावू नका. ती दाबली गेली तर सगळं शून्य होतं, मग तुम्ही आलात की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही."

त्यानं घड्याळ डाव्या तळव्यात ठेवलं, टोपी दोन बोटांच्या फटीत येईल अशी मूठ वळली, आणि उजव्या हातानं हँडल धरून सायकलवर बसला. एका हातानं, त्या खडीत. डावी मूठ छातीशी. वळणापर्यंत मला तो दिसत होता. सायकल दोनदा तिरपी झाली, दोनदा त्यानं तिला तिच्या मनासारखं जाऊ दिलं, आणि ती सरळ झाली. मग पावसात दिसेनासा झाला.

सायकल खांद्यावर घेऊन मी निघालो. घड्याळाशिवाय चालणं मला विचित्र वाटत होतं; खिशावर हात जाई आणि रिकामा परत येई. आणि मग तो विचार आला, जो यायचाच होता. त्याला वाचता येत नाही, पण लवकर ओढली तर कमी दिसतं एवढं कुणालाही कळतं. नाक्याच्या अलीकडं, ओढ्याच्या वळणावर, जिथं कुणी पाहत नाही, तिथं अंगठा जरा हलवायचा. आठ महिने गंगाथडीला दुसऱ्याच्या मेंढरांमागं न जाण्यासाठी. मी त्याच्या जागी असतो तर? हा प्रश्न मी विचारला खरा, पण त्याचं उत्तर माझ्याकडं पाच वर्षांपासून, पितळेत कोरलेलं, रोज पुसून ठेवलेलं होतं. विशेष हे, की धुळाजीबद्दल मला ही शंका आली नाही. ती फक्त माझ्याबद्दल येत राहिली.

नाक्यावर पोचलो तेव्हा पाऊस थांबत आला होता. चुन्याची रेघ धुऊन गेली होती. दोन दगड होते. सुंदरराव पेला धोतराच्या सोग्यानं पुसत होते. सटवा त्यांच्या शेजारी उकिडवा बसून दम खात होता, पण मला पाहून म्हणाला, "आले! सायकलीला खांद्यावर घेऊन आले! मास्तर, सायकलीवर आपुन बसायचं असतंय!" मुहतमीम साहेब छत्रीखाली संतापलेले होते. "ये आदमी कबसे घड़ी नै दे रहा, मास्टरसाब. मेरी घड़ी में पौने दो घंटे के आसपास आया, उसमें सेकंद का काँटाच नै. क्या लिखूँ मैं?"

धुळाजी नाक्याच्या भिंतीला टेकून बसला होता. डावी मूठ छातीशी, तशीच. मनकर्णा त्याच्याजवळ, पदर डोक्यावरून ओढून. "मघाधरनं मूठ उघडंना," ती मला म्हणाली. "मास्तरलाच देनार म्हनतोय. पानीसुदिक म्या पाजलं, लेकराला पाजावं तसं."

मी त्याच्यासमोर बसलो.

"खीळ कुठं ओढलीत?"

"दगडांच्या मदी. तुमी सांगितली तिथं."

"पुढचं चाक दगडांच्या रेषेत आलं तेव्हा?" शर्यतीचा नियम तोच होता. पुढचं चाक टेकलं की आला.

"न्हाई न्हाई," तो म्हणाला. जणू मी त्याला काही गैर विचारलं होतं. "मागलं चाक पार झाल्यावर. मेंढवाड्याच्या दारात मेंढरू मोजताना शेपूट आत आल्याबिगर त्ये आलं असं धरत न्हाईत. डोकं तं कुनाचं बी आत येतं."

त्यानं मूठ उघडली. घड्याळ उबदार होतं. ते तळव्यात पालथं पडलं होतं, पाठ वर, माझ्या नावाची अक्षरं चिखलानं भरलेली. मी ते उलटं केलं. साहेबांनी कागद आणि पेन्सिल पुढं केली, आणि मी लिहिलं:

एक तास, चव्वेचाळीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद. मेंढरांची तीन मिनिटं चाळीस सेकंद आणि मागचं चाक धरून.